सल्लागार मंडळावर माझं नाव, आणि पैसे पोहोचलेच नाहीत

प्रश्न : मी अनेक वर्षं रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. निवृत्तीनंतर, दीड वर्षापूर्वी, एका स्टार्टअपने मला सल्लागार मंडळावर बोलावलं. सोशल मीडियावर आवाहनं टाकून गरजू रुग्णांसाठी पैसे उभे करणं हे त्यांचं काम. मानधन नाही, पण दोन वर्षांनी अर्धा टक्का शेअर्स देऊ, असं पत्रात लिहिलं आहे. बैठक एकदाच झाली, तीही ऑनलाइन. संस्थापक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रुग्णांचे कागद टाकायचे. मी पाहून कधी ‘कागद ठीक वाटतात’ लिहायचे, कधी नुसता अंगठा द्यायचे. त्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलासाठी पूर्ण रक्कम जमा झाल्याचं दिसतं, पण रुग्णालयात चौथा हिस्साही पोहोचलेला नाही. त्या आवाहनावर माझा फोटो आहे आणि खाली ‘सल्लागार मंडळाने पडताळलेले प्रकरण’ असं लिहिलं आहे. देणगीदारांनी तक्रार केली आणि मला पोलिसांची नोटीस आली. संस्थापक म्हणतात, ‘मॅडम, तुम्ही फक्त सल्लागार आहात, तुम्हाला काही होणार नाही. शेअर्स आत्ताच नावावर करतो, एका फॉर्मवर सही करा आणि डिजिटल सिग्नेचर काढून घेऊ.’ माझ्या शब्दावर जुन्या सहकाऱ्यांनीही पैसे दिले आहेत. माझी जबाबदारी किती? आणि यातून बाहेर कशी पडू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या फॉर्मचं सांगते, कारण तेवढंच अजून तुमच्या हातात आहे. सही करू नका. फॉर्मच्या माथ्यावर काय छापलंय ते वाचा. ‘डीआयआर-२’ असेल, तर ते शेअर्सचं काही नाही, ती संचालक व्हायला तुम्ही दिलेली संमती आहे. कंपनीच्या नियमावलीत तरतूद असेल तर संचालक मंडळ कुणालाही परस्पर ‘अतिरिक्त संचालक’ नेमू शकतं आणि त्यासाठी लागते ती हीच सही. डिजिटल सिग्नेचर तर कुणाच्याही हाती देऊ नका. ती वापरून केलेली प्रत्येक गोष्ट तुम्हीच केली असं धरलं जातं. ऐन तक्रारीच्या वेळी तुम्हाला कंपनीत आणखी आत ओढण्याची घाई का झाली असेल, याचा विचार करा.

मागे कधी असं काही सही करून दिलंय का, आठवतं का बघा. आठवत नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. तिथे कंपनीची मूळ माहिती आणि संचालकांची यादी कुणालाही दिसते. त्या यादीत तुमचं नाव निघालं, तर पुढचं सगळं उत्तर बदलतं. मग हा कागद बाजूला ठेवून थेट वकील गाठा. कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे की ‘एलएलपी’, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, तेही तिथेच पाहून घ्या. एलएलपीत स्वतःला भागीदार म्हणून मिरवू देणाऱ्यावर, त्या भरवशावर उधारी देणाऱ्यांच्या पैशांची जबाबदारी येऊ शकते. तुमच्या पत्रावरून ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी दिसते, म्हणून पुढचं उत्तर तेच धरून देते.

कंपनी कायदा, २०१३ मध्ये संचालक मंडळ आहे, कलम १६६ मध्ये संचालकांची कर्तव्यं आहेत. सल्लागार मंडळाला मात्र त्या कायद्यात काही स्थान नाही. कंपनी ते करारातून उभं करते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा फोटोंसाठी उभं करते. म्हणजे संस्थापक म्हणतात त्यात अर्ध सत्य आहे. निव्वळ सल्लागार असल्यामुळे तुम्ही कंपनीच्या कारभाराला जबाबदार ठरत नाही.

उरलेलं अर्ध त्यांनी सांगितलं नाही. याच कायद्याच्या कलम २(६०) मध्ये ‘कसूरदार अधिकारी’, म्हणजे कंपनीच्या चुकीसाठी ज्याला जबाबदार धरतात तो, कुणाला म्हणायचं हे दिलंय, आणि ज्याच्या सल्ल्याप्रमाणे किंवा सूचनेप्रमाणे संचालक मंडळ नेहमी वागत आलंय, अशी व्यक्तीही त्यात येते. व्यावसायिक नात्याने सल्ला देणारे यातून वगळलेत. दीड वर्षात एकच बैठक झाली असेल आणि पैशांबाबत तुम्हाला कधीच विचारलं नसेल, तर या व्याख्येत तुम्हाला बसवणं कठीण आहे. म्हणून त्या एका बैठकीचं निमंत्रण, इतिवृत्त, ईमेल, जे असेल ते शोधून ठेवा. मंडळ नावापुरतं होतं हे त्या कागदांवरूनच दिसेल.

आता फौजदारी बाजू. तक्रार फसवणुकीची किंवा विश्वासघाताची असेल, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ किंवा ३१६ खाली. फसवणुकीत लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. विश्वासघातात पैसा तुमच्या ताब्यात सोपवलेला असावा लागतो. कंपनीच्या बँक खात्यावर तुमची सही चालते का? एखाद्या सहकाऱ्याने ‘ताई, तुमच्याच यूपीआयवर टाकते, तुम्ही पुढे द्या’ असं कधी केलं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. एकदाही तसं झालं असेल तर खात्याचा उतारा काढून ती रक्कम कुठून आली, कुठे गेली, हे तारखेनिशी लिहून काढा, आणि ते वकिलापासून लपवू नका.

मला खरी काळजी आहे ती त्या अंगठ्याची. ग्रुपवर संस्थापकाने एक पीडीएफ टाकली, तुम्ही ती मोबाइलवर उघडली, डॉक्टरांची सही, निदान, खर्चाचा अंदाज पाहिला आणि अंगठा दिला. तुमच्या लेखी त्याचा अर्थ ‘पाहिलं, वाचायला ठीक आहे’ एवढाच. त्यांनी त्याचा शिक्का केला, ‘सल्लागार मंडळाने पडताळलेले’. रुग्णालयात फोन करणं, नोंदणी क्रमांक जुळवणं, कुटुंबाला भेटणं, पैसे कुठल्या खात्यात जाणार ते पाहणं, यातलं काहीही तुम्ही केलं नव्हतं आणि कुणी करायलाही सांगितलं नव्हतं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाच्या नावाने तो शिक्का मारलाय, म्हणून लोकांनी तो खरा मानला.

तेव्हा कळीचा प्रश्न एकच. तो शिक्का तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात? आवाहन तुम्ही स्वतः पुढे पाठवलं असेल तर शिक्का तुमच्या डोळ्यांसमोरून गेलाय. नजरचुकीने राहून गेला असं होऊ शकतं, त्यात गुन्हा नाही. पण आज तुम्हाला तो माहीत आहे. माहीत झाल्यावरही फोटो तसाच राहिला आणि लोक तो पाहून पैसे टाकत राहिले, तर इथून पुढे अजाणतेपणाचा बचाव चालायचा नाही. म्हणून राजीनाम्याची तारीख माझ्या दृष्टीने त्यातल्या मजकुराइतकीच मोलाची आहे. ‘आत राहून सुधारते, मुलाचे पैसे निघाले की जाते’ असं वाटत असेल तर ते मनातून काढा. हिशेब मागायचा अधिकार तुम्हाला आत राहूनही नव्हता.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत नाव वापरू देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि दाव्याची खातरजमा केलेल्याला त्यातून सूट आहे. देणगीचं आवाहन ही त्या अर्थाने जाहिरात आहे का, यावर वाद घालता येईल. पण कंपनी जमा रकमेतून शुल्क कापत असेल, तर ती सेवा विकते असं समोरचा वकील म्हणणारच. ही शक्यता ध्यानात असू द्या.

नोटीस. ती कुठल्या कलमाखाली आहे ते आधी वाचा, कारण पोलीस तुमच्याकडे कुठल्या नजरेने पाहतायत ते त्या आकड्यावरून कळतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस तपासाचे नियम सांगणाऱ्या कायद्याचं, कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून विचारतायत. महिलेला त्या कलमाखाली राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. कलम ९४ असेल तर कागद मागवलेत. कलम ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे, पण नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य करत असाल, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अशा वेळी अटकपूर्व जामिनाचं वकिलाशी बोलून घ्या, आणि कोणत्याही नोटिशीला वकिलाला न दाखवता उत्तर देऊ नका. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे. कुणी सही मागितली तर हे नम्रपणे सांगा.

आणि फोनमधलं काहीही पुसू नका. लाजेपोटी एखादा मेसेज काढून टाकावासा वाटेल. काढू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आजच पूर्ण चॅट बाहेर काढून ठेवा. ग्रुप तूर्त सोडू नका आणि फोनही बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. आवाहनाचं पान, तुमचा फोटो आणि खालची ती ओळ यांचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट घ्या. ते पान उद्या गायब होऊ शकतं.

राजीनाम्याला ठरावीक नमुना नाही. ईमेलने पाठवा, शिवाय स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि प्रत्येक संचालकाच्या नावे. नेमणूक-पत्रात महिन्याभराची सूचना लिहिली असली तरी नाव आणि फोटो वापरायची संमती आजपासून काढून घेता येते. मजकूर साधारण असा असू द्या :

‘मी सल्लागार मंडळाचा राजीनामा देत आहे. माझे नाव व फोटो वापरण्यास यापुढे माझी संमती नाही. तो सर्व ठिकाणांहून सात दिवसांत काढावा. कोणत्याही प्रकरणाची पडताळणी मी केलेली नाही व तसे जाहीर करण्यास संमती दिलेली नाही. सदर रुग्णासाठी जमा व वितरित रकमेचा हिशेब लेखी द्यावा.’

रागाचं एकही वाक्य त्यात नको. सात दिवसांत फोटो निघाला नाही तर त्या-त्या सोशल मीडिया कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे हेच पत्र जोडून तक्रार करा.

शेअर्सचं थोडक्यात सांगते. कर्मचाऱ्यांसाठीची शेअर योजना कर्मचारी आणि संचालकांपुरती असते, तुम्ही दोन्ही नाही. सल्लागाराला शेअर द्यायचे तर विशेष ठराव, मूल्यांकन असा वेगळा रस्ता आहे, एका फॉर्मवर सही करून ते मिळत नाहीत. या पैशांच्या तक्रारीत अडकलेल्या कंपनीचा अर्धा टक्का माझ्या मते सोडून द्यावा. ‘तुम्हाला काही झालं तर कंपनी भरपाई देईल’ असं लिहून देतील, तर तेही जपून घ्या. फौजदारी खटल्यात त्याचा उपयोग नाही, आणि दिवाणी दाव्यातही कंपनीकडे पैसे असतील तरच.

सहकाऱ्यांना तुम्ही स्वतः फोन करा, त्यांना बातमी तिसऱ्याकडून कळू देऊ नका. ‘मी कागद वरवर पाहिले होते, पडताळणी केली नव्हती, राजीनामा दिला आहे, देणगीची पावती आणि बँकेचा मेसेज जपून ठेवा, पोलिसांत तक्रार करायची असेल तर जरूर करा’, एवढं पुरे. संस्थापकाला चोर म्हणू नका. ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे, आणि अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हाला आत्ता परवडणारी नाही. पैसे स्वतःच्या खिशातून परत करायला मात्र जाऊ नका. तुमची माया कळते, पण उद्या त्याचा अर्थ कबुली असा लावला जाईल.

तुमच्या पत्रात एक माणूस राहून गेलाय, त्या मुलाचे वडील. मुलाच्या नावाने किती जमा झालं, हे त्यांना बहुधा माहीतही नसेल, त्यांच्या हाती फक्त रुग्णालयाची बिलं असतील. ते पैसे ज्याच्यासाठी गोळा झाले तो त्यांचा मुलगा आहे. तक्रारीत त्यांचा जबाब आला तर हिशेबाचा प्रश्न टाळता येणार नाही. नेमणूक-पत्रात गोपनीयतेची अट असली तरी ती पोलिसांना खरं सांगण्याच्या आड येत नाही, आणि मुलाचे कागद तर त्याच्याच वडिलांचे आहेत. तुमच्या वकिलाला विचारून त्यांना भेटा, सोबत आवाहनाच्या पानाची छापील प्रत घेऊन जा. आकडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या.