नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाच्या वर्गात कोणती ऑनलाइन साधने वापरावीत आणि शाळेने स्मार्ट पॅनेल घ्यावे का?

आपण विचारले आहे की, ऐरोलीच्या एका माध्यमिक शाळेत यंदापासून नववी व दहावीला गणित आणि विज्ञान शिकवायचे आहे, तर वर्गात कोणती ऑनलाइन साधने वापरावीत. आणि संस्था प्रत्येक वर्गात स्मार्ट पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा संगणकी पडदा, बसवण्याचा विचार करीत आहे, तो खर्च सार्थकी लागेल का. मी आपल्यापासून फार लांब नाही. कळव्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत हेच दोन विषय शिकवते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येईल, पण दुसऱ्यावर मला बरेच काही म्हणायचे आहे आणि ते म्हणण्याची संधी शिक्षक दालनात मला कधी नीट मिळालेली नाही.

गणितासाठी जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर), विज्ञानासाठी फेट (प्रयोगांची संगणकावरची प्रतिरूपे) आणि मुलांना काय कळले हे त्याच तासात पाहण्यासाठी प्लिकर्स, एवढी तीन साधने एका शिक्षकाला वर्षभर पुरतात. तिन्हींसाठी मिळून एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल लागतो. मुलांच्या हातात कोणतेही यंत्र द्यावे लागत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांना साठ मोबाइल उघडायला लावायचे, पासवर्ड विसरलेल्यांचे निस्तरायचे आणि त्यानंतर शिकवायलाही वेळ उरवायचा, हे जमलेला शिक्षक माझ्या पाहण्यात नाही. कहूटसारखे मोबाइलवरचे प्रश्नमंजुषेचे खेळ प्रशिक्षण शिबिरांत सर्वांना फार आवडतात, कारण तेथे प्रत्येकाकडे मोबाइल असतो आणि कोणालाच अभ्यासक्रम पूर्ण करायचा नसतो. शिवाय त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. त्यामुळे सावकाश पण नीट विचार करणारी मुलगी पहिल्या चार प्रश्नांतच मागे पडते आणि पुढे खेळातून मन काढून घेते.

जिओजेब्राची सुरुवात ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठातील आपल्या पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने केली. ते शाळेला विनामूल्य मिळते आणि एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. त्याचे खरे बळ एकाच गोष्टीत आहे: काढलेली आकृती माउसने ओढता येते आणि ओढताना तिची मापे डोळ्यांदेखत बदलतात, किंवा बदलत नाहीत. फळ्यावर मी आंतरलिखित कोन (ज्याचे टोक वर्तुळावरच असते) कितीही सुबक काढला तरी तो एकच कोन असतो, आणि एका कोनावरून सर्व कोनांबद्दलचे प्रमेय मुलांनी मान्य करावे अशी अपेक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

येथे मला एक प्रसंग सविस्तर सांगावा लागेल. टाळेबंदीनंतर शाळा पूर्ववत भरू लागल्यावर आमच्या संस्थेने दहावीच्या तुकड्यांत मोठे पॅनेल बसवले आणि त्यासोबत एका कंपनीचा तयार चित्रफितींचा संच विकत घेतला. वर्तुळ प्रकरणातील आंतरलिखित कोनाच्या प्रमेयाचीही एक चित्रफीत त्यात होती. पार्श्वसंगीत, रंगीत कंस, गोड आवाजातील निवेदन आणि चार मिनिटांत सिद्धता पूर्ण. त्याच आठवड्यात आमचे पर्यवेक्षक सर पाठ निरीक्षणासाठी माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. मी ती चित्रफीत लावली नाही. जिओजेब्रात एक वर्तुळ काढले, त्यावर अ आणि ब हे बिंदू असे घेतले की त्यांच्यामधील लहान कंसाचे माप १००° येईल, मोठ्या कंसावर क हा तिसरा बिंदू घेतला आणि मुलांना विचारले की अकब या कोनाचे माप किती असेल. उत्तरे वहीत लिहून घेतली. बहुतेकांनी १०० लिहिले होते, काहींनी ५०, आणि एकाने ‘आकृतीवर अवलंबून’ असे लिहून स्वतःची सुटका करून घेतली होती.

मग मी क बिंदू मोठ्या कंसावरून हळूहळू सरकवला. माप ५०° वर, म्हणजे लहान कंसाच्या निम्म्यावर, ठाम राहिले. बिंदू ब च्या अगदी जवळ नेला, तेव्हा कोनाची एक भुजा एवढीशी झाली, तरी ५०. आता सिद्धतेकडे वळावे म्हणून मी खडू हातात घेतला, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीव्यतिरिक्त तोंड उघडत नाही, म्हणाला, “बाई, तो बिंदू खालच्या बाजूला नेला तर?” मी नेला. क बिंदू ब ला ओलांडून लहान कंसावर उतरला आणि पडद्यावरचा आकडा एकदम २३० झाला.

वर्गात गलका झाला. पाठ्यपुस्तकातील कोन सहसा १८० च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे मुलांना हा सरळसरळ बिघाड वाटला. मी काहीच बोलले नाही आणि बिंदू लहान कंसावर मागेपुढे सरकवत राहिले. आकडा २३० वरच होता. पहिल्या रांगेतील एक मुलगी म्हणाली की, संगणक कोन बाहेरच्या बाजूने मोजतो आहे, ३६० मधून वजा करा, आतला कोन १३० येईल. दुसऱ्याने पुढे जोडले की मोठा कंस २६० चा आहे आणि १३० त्याच्या बरोबर निम्मे आहे, म्हणजे नियम तोच. मग ज्याने बिंदू खाली न्यायला सांगितले होते तोच मुलगा म्हणाला, “वरचे पन्नास आणि खालचे एकशेतीस, बेरीज एकशेऐंशी.” चक्रीय चौकोनाच्या, म्हणजे चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या, संमुख कोनांची बेरीज १८०° असते हे प्रमेय मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. ते त्या दिवशी मुलांनीच माझ्या हाती आणून दिले, आणि सिद्धता आम्ही फळ्यावर खडूने, पायरीपायरीने, कारणे देऊन लिहिली.

पाठ निरीक्षणाच्या वहीत शेरा आला: ‘संगणकाने कोनाचे माप चुकीचे दाखवले. विद्यार्थ्यांमध्ये गोंधळ. संस्थेने उपलब्ध करून दिलेली चित्रफीत वापरावी.’

ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांच्यासाठी सांगते की माप चुकीचे नव्हते. जिओजेब्रा कोन एका ठरावीक दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, ३६० पर्यंत मोजते. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मर्यादा ० ते १८० अशी निवडली की थेट १३० दिसू लागते. मी ती मर्यादा मुद्दामच बदलत नाही. सरांना हे मी त्याच दिवशी समजावून सांगितले, ते म्हणाले, “तुमचे गणित बरोबर असेल हो बाई, पण दहावीच्या वर्षात मुलांना गोंधळात टाकणे परवडत नाही.” त्यांचे विषयज्ञान कच्चे नव्हते आणि मनही वाईट नव्हते, हे मी मान्य करते. मात्र तयार चित्रफितीत मागच्या बाकावरच्या मुलाला बिंदू खाली नेता येत नाही, हा माझा मुद्दा त्यांनी त्या दिवशी ऐकून घेतला नाही. पुढे प्रत्येक बैठकीत ‘काही शिक्षक तंत्रज्ञानाला विरोध करतात’ हे वाक्य माझ्याकडे न पाहता उच्चारले जाऊ लागले. वर्गात रोज लॅपटॉप उघडणारी मी आणि तंत्रज्ञानाची विरोधकही मीच.

विज्ञानाकडे येते. फेट हा प्रकल्प अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्यातील अनेक प्रतिरूपे मराठीत आहेत, विनामूल्य आहेत आणि उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडतात. नववीच्या धाराविद्युत प्रकरणासाठी विद्युत परिपथ जोडण्याचे प्रतिरूप अवश्य वापरा, परंतु माझी एक अट आहे: आधी खरी बॅटरी आणि खरे दिवे. समांतर जोडणीत एकामागून एक दिवे वाढवत गेलात तर प्रतिरूपातील पहिल्या दिव्याचा प्रकाश तसूभरही कमी होत नाही. प्रयोगशाळेतील जुन्या सेलवर मात्र तो मंद होत जातो. ही विसंगती मुलांच्या नजरेस आणून द्या आणि कारण त्यांनाच शोधायला लावा. नंतर प्रतिरूपात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच धारेला होणारा विरोध, वाढवण्याची जी सोय आहे ती उघडून रोध थोडा वाढवा, म्हणजे पडद्यावरचा दिवाही खऱ्या दिव्यासारखा वागू लागेल. भिंगांच्या बाबतीतही तेच. खिडकीची उलटी प्रतिमा बहिर्वक्र भिंगाने भिंतीवर पाडून दाखवायला वीजसुद्धा लागत नाही, आणि ती पाहिल्यावरच पडद्यावरच्या किरणाकृतीला अर्थ येतो.

प्लिकर्सबद्दल थोडक्यात. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षी छापलेला एक कागद द्यायचा. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, आणि जी बाजू वर धरली ते त्याचे उत्तर. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते क्षणात समजते. पर्यायांची अक्षरे इतकी बारीक असतात की शेजाऱ्याचे पाहून कागद फिरवणे कठीण जाते. मोठ्या संचात ६३ कार्डे येतात, म्हणजे आपल्याकडच्या भरलेल्या तुकडीलाही साधारण पुरतात. कार्डे चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइटच्या उजेडाने कॅमेरा चकतो. जाड कागदावर छापा आणि नक्षीवर बोटे येऊ देऊ नका असे मुलांना बजावा. यासाठी मोबाइलला इंटरनेट लागते, हे आधी लक्षात घ्या.

आता पॅनेल. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप चालू स्थितीत असेल तर पॅनेलने शिकवण्यात फार मोठा फरक पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पडदा उजळ दिसतो, दिवसा पडदे ओढावे लागत नाहीत आणि बोटाने लिहिता येते; हे फायदे खरे आहेत, पण चित्रफितींच्या संचाशी त्यांचा काही संबंध नाही. विक्रेता मात्र दोन्ही एकत्रच दाखवतो. ज्या महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर साहित्य विनामूल्य मिळते, ई-बालभारतीवर पुस्तकांच्या प्रती मिळतात आणि ज्या राज्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्या राज्यातील शाळांनी वार्षिक शुल्क भरून प्रमेयांच्या चित्रफिती का घ्याव्यात, याचे पटणारे उत्तर मला आजवर कोणत्याही विक्रेत्याने दिलेले नाही.

काही मर्यादा सांगायच्या राहिल्या. माझे म्हणणे भूमिती आणि भौतिकशास्त्रापुरते धरा. इतिहास किंवा भाषा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना चांगल्या चित्रफितीचा माझ्यापेक्षा अधिक उपयोग होत असेल, आणि आजारपणामुळे दोन आठवडे घरी राहिलेल्या मुलाला तर ती वरदान ठरते. वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर ओढायच्या आकृतीचा त्याला काहीच लाभ नाही. त्याच्यासाठी जाड दोऱ्याने पुठ्ठ्यावर वर्तुळ चिकटवा. घरच्या अभ्यासासाठी ऑनलाइन काही देताना घरातला एकमेव मोबाइल वडिलांसोबत कामावर जातो आणि रात्री परततो, हे गृहीत धरा. टाळेबंदीच्या काळात आमच्याकडच्या कितीतरी मुलांचा वर्ग रात्री आठनंतर भरत असे. मुलांची पूर्ण नावे कोणत्याही साधनात भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे, म्हणून जूनच्या पालक सभेतच एका कागदावर सह्या घेऊन ठेवाव्यात.

आणि संस्थेच्या बैठकीत आपल्याला मत विचारले गेले, तर विक्रेत्याला सर्वांसमोर तीन प्रश्न विचारा: इंटरनेट नसताना यातले काय चालते, शिक्षकाला आकृती मध्येच थांबवून बदलता येते का, आणि वार्षिक शुल्क थांबवल्यावर पॅनेलवर काय उरते. आमच्याकडे तिसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता. संचाची मुदत संपली, नूतनीकरणाला पैसे नव्हते आणि ती गोड आवाजातील सिद्धता आता उघडत नाही. पॅनेल शाबूत आहे. त्यावर मी जिओजेब्रा चालवते, आणि पर्यवेक्षक सर निवृत्त होण्याआधी एकदा स्वतःहून येऊन त्यांच्या नातीसाठी ते कोठून उतरवून घ्यायचे, हे विचारून गेले. निरीक्षणाच्या वहीतला शेरा मात्र त्यांनी बदलला नाही, म्हणून आपल्याला सुचवते की अशा वहीत शिक्षकाच्या अभिप्रायासाठी रकाना असेल तर तो त्याच दिवशी, आकृतीसह, भरून सही करावी.