सगळीकडे 'आर' दिसतंय? आधी रिपोर्टमध्ये जंतू किती आहेत ते मोजा

तुमचा रिपोर्ट वाचला. युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा होमिनिस हे मूत्र-जननमार्गातले दोन्ही जंतू पॉझिटिव्ह, एरिथ्रोमायसिन आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही), क्लिंडामायसिन आर, डॉक्सिसायक्लिन एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं). त्याआधी सेफिक्झिमचा कोर्स झालाय आणि लघवीची जळजळ तशीच आहे. तुम्ही विचारताय की जंतू सगळ्या औषधांना पुरून उरलेत का. नाही. प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यामुळे असले रिपोर्ट मला नवे नाहीत.

सेफिक्झिम हे सेफॅलोस्पोरिन गटातलं, ते लागू पडणारच नव्हतं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात, आणि मायकोप्लाझ्माच्या कुळाला (युरियाप्लाझ्मा त्यातलाच) ती भित्तिकाच नसते. सल्फाच्या गोळ्यांचीही इथे तीच गत: त्या जंतूची फोलेट हे जीवनसत्त्व बनवण्याची वाट अडवतात, पण हे जंतू फोलेट बनवतच नाहीत.

आता ते दोन 'आर'. होमिनिसवर एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन मुळातच चालत नाहीत. क्लिंडामायसिन मात्र सहसा चालतं. युरियाप्लाझ्माचं बरोबर उलटं. हा काही नंतर कमावलेला प्रतिकार नव्हे, तो त्यांचा जन्मजात स्वभाव. बऱ्याच तयार किटमध्ये प्रत्येक औषधासाठी पट्टीवर एक छोटा खड्डा असतो आणि दोन्ही जंतू एकाच खड्ड्यात वाढतात. जंतू वाढला की युरिया किंवा आर्जिनिन फोडून अमोनिया सोडतो आणि पिवळा द्रव लाल होतो. लाल झालं की 'आर'. म्हणजे एरिथ्रोमायसिनच्या खड्ड्यात होमिनिस वाढला, क्लिंडामायसिनच्या खड्ड्यात युरियाप्लाझ्मा, आणि कागदावर दोन्हींपुढे आर! मिश्र वाढीत हे व्हायचंच. रिपोर्टवर तशी एक ओळ लिहिली असती तर तुमची झोप उडाली नसती. डॉक्सिसायक्लिनचा खड्डा पिवळाच राहिला, म्हणजे ते दोघांवरही चालतं. या दोन जंतूंत टेट्रासायक्लिन गटाला (डॉक्सिसायक्लिन त्यातलंच) खराखुरा कमावलेला प्रतिकार येतो तो बहुधा 'टेट-एम' या जनुकामुळे, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये त्याची खूण नाही.

आणखी एक. सापडला म्हणजे त्यानेच त्रास दिला असं नाही. हे दोन्ही जंतू कसलीही तक्रार नसलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांत मुक्कामाला असतात. किटमधला मिलिलिटरला 10,000 जंतूंचा आकडा ओलांडला की 'पॉझिटिव्ह' छापलं जातं. त्या आकड्याला आजार ठरवायचा अधिकार कुणी दिलेला नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये या जंतूंसाठी सरसकट तपासणी करू नका, असंच सांगितलं. माझं मतही तेच.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या रिपोर्टमध्ये नसलेल्या नावाची: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम. 1980 साली लंडनमध्ये मूत्रमार्गदाह असलेल्या 2 पुरुषांच्या नमुन्यांतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. त्याला प्रयोगशाळेत वाढवायला आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे तुमच्या किटमध्ये तो दिसणं शक्यच नाही. त्यासाठी लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी हवी. त्याची औषध-संवेदनशीलताही खड्ड्यांत बघत नाहीत, जनुकांत बघतात: 23 एस आरआरएनएमध्ये (जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग) 2058 किंवा 2059 या जागी बदल असेल तर अझिथ्रोमायसिन बाद. मॉक्सिफ्लॉक्सासिन या दुसऱ्या औषधाला प्रतिकार मुख्यतः 'पार-सी' जनुकातल्या बदलांतून येतो.

जेनिटॅलियमसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची 2021 ची पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी 7 दिवस डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा. एकट्या डॉक्सिसायक्लिनने जेनिटॅलियम बहुतेकांत जात नाही, पण जंतूंची संख्या घटते. मग अझिथ्रोमायसिन चालणार हे तपासून कळलं असेल तर पहिल्या दिवशी 1 ग्रॅम आणि पुढचे 3 दिवस रोज 500 मिग्रॅ. प्रतिकार असेल किंवा तपासणीच झाली नसेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन 400 मिग्रॅ रोज, 7 दिवस. 'एकदाच 1 ग्रॅम घ्या' हा जुना शॉर्टकट प्रतिकार वाढवणारा ठरला. हे डोस डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून लिहिले, दुकानातून स्वतः आणून घ्यायला नव्हेत. गर्भारपण असेल तर डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचे दोन्ही गट टाळतात, तेव्हा ते आधी सांगा.

जेनिटॅलियम निघालाच तर जोडीदाराचीही तपासणी करून घ्या. आणि पुन्हा पीसीआर करायची वेळ आली तर औषध संपल्यावर किमान 3 आठवडे थांबा, नाहीतर मेलेल्या जंतूंचं डीएनए सापडून उगाच पॉझिटिव्ह येईल.

गोनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी झाली होती का? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. झाली नसेल तर सुरुवात तिथून करा आणि निकाल इथे टाका.