मामंजींचा जीव ‘सीआयडी’त अडकलाय

प्रश्न : माझे सासरे 78 वर्षांचे, निवृत्त हवालदार. एप्रिल 2025 मध्ये ‘सीआयडी’ मालिकेत एसीपी प्रद्युम्न गेले, त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे एसीपी परत आले, तरी आता दर आठवड्याला इन्स्पेक्टर दयाबद्दल विचारतात, “दयाचा काय होतला गो?” कोण मालिका सोडणार हे आधी ओळखता येतं का?
– एक सून, वेंगुर्ला

उत्तर : ताई, बरंचसं येतं. देवगडला परत येण्याआधी मी अकरा वर्षं मुंबईत मालिकांची कंटिन्युइटी सांभाळली, म्हणजे एका दृश्यातले कपडे, वस्तू पुढच्या दृश्यात जुळतात ना हे बघायचं काम. त्यावरून सांगते.

आमच्याकडे पहिली चाहूल कपडेपटात लागायची. एका मालिकेत इन्स्पेक्टर झालेल्या नटाचे तीनच शर्ट आलटून पालटून येऊ लागले. एकाची कॉलर विरली होती. मी नवा मागितला, तर कपडेपटातला मुलगा म्हणाला, “आता नको शिवायला.” त्या नटाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो पुढच्या महिन्याच्या तारखा राखून बसला होता. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

हेच तुम्हाला पडद्यावरही दिसतं, फक्त नीट बघावं लागतं. जाणाऱ्या माणसाची वाक्यं आधी कमी होतात. तो घोळक्यात मागे उभा राहतो, मग नुसता फोनवर बोलतो. तपासातला नेमका धागा त्याच्याऐवजी दुसऱ्याच्या हाती लागतो. आणि नवा अधिकारी आला, की त्याला घर, आई, जुनं दुःख असं काही मिळालं का ते बघा. नुसती वर्दी मिळाली तर तो पाहुणा. घर मिळालं तर तो राहायला आलाय.

बातम्यांमध्ये ‘ब्रेक’ हा शब्द शोधा. एप्रिल 2025 मध्ये स्फोटात एसीपी गेल्याचं दाखवलं आणि पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आले, तेव्हा प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटम यांनी स्वतःच सांगितलं होतं, की आपण काही काळ सुट्टी घेतलीय आणि आपला ट्रॅक, म्हणजे कथेतला आपला धागा, संपला की नाही हे आपल्याला कळवलेलं नाही. कायमचा निघालेला माणूस असं बोलत नाही. जानेवारी 1998 पासून ऑक्टोबर 2018 पर्यंत ज्या चेहऱ्यावर मालिका चालली, डिसेंबर 2024 ला ती पुन्हा सुरू झाली तीही ज्यांच्या बळावर, त्यांना वाहिनी सहजी सोडत नसते.

भूमिका राहून नट बदलतो, तेव्हा मात्र कथेत काहीच खूण नसते. आपल्या आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात शेवंता बदलली, अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. ते कारण पडद्यामागचं, प्रेक्षकाला आधी कळणार कसं?

आणि ‘सीआयडी’तला हसवणारा फ्रेडरिक्स. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये खरोखरच गेले, मालिका परतण्याच्या वर्षभर आधी. त्यांची जागा रिकामी दिसली, की मामंजींच्या शेजारी जरा बसा.

दयाबद्दल मला आतली खबर नाही, म्हणून भाकीत करणार नाही. पण मामंजी हवालदार होते ना? मग हे काम त्यांनाच द्या. स्फोट, पूर, दरीत गेलेली गाडी असं काही आलं, की त्यांनी बघायचं : मृतदेह दिसला का, ओळख कुणी पटवली, पंचनामा झाला का. पंचनामा नसेल, तर त्या रात्री त्यांना पोटभर जेवायला वाढा.