‘आण्विक मुद्रण’ आणि ‘साचा’ : दोन्ही का खटकतात?

प्रश्न : बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) थरांच्या पटलांत, म्हणजे पातळ फिल्ममध्ये, ‘मॉलिक्युलर इम्प्रिंटिंग’ करतात : एखादा रेणू आत बसवून मग धुऊन काढतात, आणि मागे उरलेली त्याच्या आकाराची पोकळी पुढे तोच रेणू ओळखून धरते. त्याला ‘आण्विक मुद्रण’ आणि त्यातल्या ‘टेम्प्लेट’ला, म्हणजे ज्याचा ठसा घ्यायचा त्या रेणूला, ‘साचा’ म्हणावे का?

दोन्ही टाळावेत. ‘आण्विक’चे कारण सरळ आहे. हिंदीत मॉलिक्यूल म्हणजे अणु आणि ॲटम म्हणजे परमाणु; मराठीत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतात. हिंदी संज्ञा तशीच उचलली की मराठी वाचकाला अणुभट्टी आठवते. ‘मुद्रण’ म्हणजे छपाई, तिच्यात शाई वर चढते. इथे वर काहीच चढत नाही, आत पोकळी उरते. ओल्या मातीत पाऊल उमटते तसे. म्हणून ‘रेणुठसा’.

खरा घोळ ‘साचा’ या शब्दात आहे. मराठीत साचा पोकळ असतो. त्यात काही भरून आकार काढतात. पेणच्या कारखान्यांत मूळ मूर्तीवरून रबराचा साचा काढतात, पण त्या मूळ मूर्तीला कोणी साचा म्हणत नाही. इथे टेम्प्लेट ही मूळ मूर्ती आहे आणि साचा आहे ते पटल. टेम्प्लेटला साचा म्हटले की कृतीत ‘साचा धुऊन काढा’ असे लिहावे लागते, आणि ठेवायचे काय नि टाकायचे काय हेच उलटे होते. ‘नमुना-रेणू’ म्हणावे.

शब्द कृतीत घालून पाहू. धनभारित पॉर्फिरिन (एक वलयाकार रंगीत रेणू) हा नमुना-रेणू पॉलिॲक्रिलिक आम्ल या ऋणभारित बहुवारिकाच्या द्रावणात मिसळून त्यांची जोडी जमू द्यावी. स्वच्छ काच आळीपाळीने डायझोरेझिन या प्रकाशसंवेदी धनभारित बहुवारिकाच्या आणि या द्रावणात बुडवावी, दर बुडवणीनंतर पाण्याने खळबळावी. हे अंधारात करायचे, कारण डायझोरेझिन प्रकाशाने आधीच खर्ची पडते. हवे तितके थर झाल्यावर अतिनील प्रकाश द्यावा. थरांमधले आयनी (विरुद्ध भारांच्या ओढीचे) बंध सहसंयुजी (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचे, पक्के) होतात आणि पटल टिकाऊ बनते. मग नमुना-रेणू धुऊन काढावा. बंध अपुरे राहिले तर धुताना पोकळ्या मिटतात. नमुना-रेणू आत उरला तर पुढे तो झिरपत राहतो आणि मापन फसवते. नमुना-रेणूशिवाय तसेच दुसरे पटल करून तुलना केल्याखेरीज ठशाची निवडक्षमता, म्हणजे नेमका तोच रेणू धरण्याची ताकद, सिद्ध होत नाही. त्याला ‘बिनठशाचे पटल’ हा शब्द चांगला बसतो.

ठसा किती नेमका असतो ते थिओफिलीन या दम्यावरच्या औषधावरून कळते. कॅफीनमध्ये त्याच्यापेक्षा एकच मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्त असतो, तरी थिओफिलीनचा ठसा घेतलेले बहुवारिक दोघांत भेद करते.

‘फिल्म’ला काही जण पापुद्रा म्हणतात. पण पापुद्रा सुटतो, आणि हे काचेला धरून राहायला हवे; म्हणून ‘पटल’. धुताना ते काचेवरून निघाले, तर त्या बिघाडाला मात्र ‘पापुद्रा सुटला’ हेच नेमके मराठी.