लॉग टेबल बघता येतं, पण लॉग म्हणजे काय?

प्रश्न : नातू अकरावीत आहे. परवा त्यानं विचारलं, ‘आजोबा, लॉग म्हणजे काय?’ मी १९७४ साली बी.एस्सी. झालो. लॉग टेबल आजही झरझर बघतो, बार टूसकट (२ वर आडवी रेघ). पण त्याला धड उत्तर देता आलं नाही. घातांकाशी लॉगचं नातं काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, मी इथेच इंदुरात गणित शिकवत होते, आणि पहिली काही वर्षं माझीही हीच गत होती. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, ये ०.३०१० आया कहाँ से?’ मी म्हटलं, टेबलातून! अजून आठवलं की लाज वाटते.

लॉग हा घातांकच आहे, फक्त प्रश्न उलटा. २ चा तिसरा घात किती? ८. आता असं विचारा : ८ हा २ चा कितवा घात? तिसरा. पाया २ धरला तर ८ चा लॉग हाच, ३. तुमच्या टेबलात पाया १० असतो. म्हणजे १० चा ०.३०१० वा घात २.

असला अपूर्णांकी घात पटकन पचत नाही. मग असं करा. दहा वेळा २ घेऊन गुणाकार करा : १०२४. जवळजवळ हजार, म्हणजे १० चा तिसरा घात. दहा दोनांनी मिळून घातांक ३ गाठला, तर एकेका दोनाच्या वाट्याला ०.३. आणि १०२४ हजाराहून जरासे जास्त, म्हणून ०.३ हूनही जरासा जास्त : ०.३०१०. हे मला सुचलं तेव्हा तव्यावरची पोळी पार करपली होती.

पुढचं सोपं आहे. पाया तोच असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, बेरीज ०.७७८१, तो ६ चा (टेबलात ०.७७८२ दिसेल; चारच आकडे घेतल्यामुळे शेवटच्या आकड्यात एवढा फरक पडतो). अँटिलॉग बघणं म्हणजे १० ला तो घात चढवणं. आणि तुमचा बार टू? ०.०२ म्हणजे २ गुणिले १० चा उणे दुसरा घात. उणे फक्त घातांकातल्या २ ला, टेबलातला ०.३०१० अधिकच राहतो, म्हणून रेघ एकट्या २ वर.

नातं कळलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. लॉगचा जनक, स्कॉटिश गणिती नेपियरनं १६१४ साली लॉग छापले ते सरकणाऱ्या बिंदूंच्या कल्पनेवरून, घातांकांवरून नव्हे. आज आपण लिहितो तशी घातांकाची खूण फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ मध्ये रूढ केली. १० हा पाया इंग्रज गणिती ब्रिग्जचा.

नातवाला टेबल लगेच दाखवू नका. आधी ५ चा लॉग काढायला सांगा. १० भागिले २, म्हणजे नुसती वजाबाकी. मग ७ चा. ४९ आणि ५० शेजारी आहेत, एवढंच सुचवा. उत्तर ०.८५ च्या आसपास आलं, की तुमचं जुनं टेबल काढा आणि दोघं मिळून ताडून बघा.