मुक्कामी गाडीच्या काकांचं ताट

प्रिय सई,

आजीच्या फोनवरून पाठवलेला तुझा प्रश्न मिळाला. "बाबा, एसटीचे ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरकाका रात्री देवळात झोपतात. आजी त्यांना ताट नेऊन देते. ते आपले कोण विचारलं, तर म्हणाली कोणी नाहीत. मग का देते? त्यांना पगार असतो ना?"

पगार असतो, बाळा. रात्रवस्तीचा थोडा भत्ताही मिळतो. पण तो खर्च करायला आपल्या गावात खाणावळ आहे कुठे? इथे जर्मनीत, स्टुटगार्टला शेवटची फेरी झाली की बस डेपोत जाते आणि ड्रायव्हर आपल्या घरी. आपल्या गावाचा रस्ता देवळापाशी संपतो. साडेसातला कराडहून आलेली गाडी तिथेच थांबते आणि पहाटे साडेपाचला पहिली गाडी म्हणून तीच सुटते. ही मुक्कामी गाडी नसेल, तर सकाळच्या शाळेला, दवाखान्याला, बाजाराला कोणीच वेळेत पोचणार नाही. म्हणजे आपली सकाळ व्हावी म्हणून दोन माणसं रोज घर सोडून आपल्या देवळात झोपतात. ती उपाशी झोपली तर गावाला घास कसा गोड लागेल?

मी लहान असताना घरांच्या पाळ्या लागलेल्या होत्या. आपली पाळी असली की मी कंदील घेऊन पुढे आणि आजी ताट झाकून मागे. भाकरी, घेवड्याची आमटी, पावसाळ्यात कुळथाचं पिठलं. कंडक्टरकाका हात धुवायला उठले तरी पैशांची चामडी पिशवी खांद्यावरून उतरवत नसत, आणि झोपताना ती उशाखाली. दिवसभराचा हिशेब त्यांच्याकडे असायचा, एक रुपया कमी पडला तर खिशातून भरायचा. ते मला फार मोठं वाटायचं, अजूनही वाटतं.

आता त्याच माणसांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगतो. अकरावी-बारावीला मी कराडला खोली घेऊन राहत होतो. मेस परवडणारी नव्हती, म्हणून जेवण गावाहून यायचं. आजी चारला उठून भाकऱ्या थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि गाडी सुटायच्या आत ड्रायव्हरच्या हातात द्यायची. आमच्या वाटेवरच्या गावागावातून असे डबे गाडीत चढायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनवर जे लोखंडी झाकण असायचं, ते बॉनेट, त्यावर सगळे डबे ओळीनं मांडलेले. इंजिन तापलेलं, त्यामुळे कराडला पोचेपर्यंत आमटी गरम राहायची. वळणावर डबे सरकू लागले की ड्रायव्हरकाका डाव्या हातानं धरायचे. स्टँडवर आम्ही पोरं उभीच असायचो. कोणाला उशीर झाला तर डबा कंट्रोलरच्या खिडकीत ठेवलेला सापडायचा. महाराष्ट्रात कितीतरी खेड्यांतली मुलं अशीच शिकली, एसटीनं आलेल्या भाकरीवर. ते डबे पोचवायला त्या माणसांनी आमच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत.

एकदा मला ताप आला. खोलीतली बाकीची मुलं गावी गेली होती, मी एकटाच पांघरूण घेऊन पडलेला. डबा आणायला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघतो तर खाकी कपड्यातले कंडक्टरकाका, हातात डबा. कालचा डबा खिडकीत तसाच दिसला, म्हणून त्यांनी इतर पोरांना विचारून खोलीचा पत्ता काढला होता. रात्रभर देवळात, पहाटेपासून गाडीवर, ड्युटी संपल्यावर घरी जायचं सोडून ते माझ्याकडे आले. आमटीत भाकरी कुस्करून त्यांनी मला चार घास खायला लावले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे चालत नेलं, गोळ्या घेऊन दिल्या. संध्याकाळच्या गाडीवर दुसरा कंडक्टर होता, त्याच्याकडे निरोप दिला. रात्री तो निरोप ताट घेऊन गेलेल्या शेजारच्या काकूंना कळला, आणि सकाळच्या गाडीनं आजोबा हजर. गोळ्यांचे पैसे द्यायला आजोबांनी त्या काकांना स्टँडवर खूप शोधलं. त्यांची बदली दुसऱ्या मार्गावर झाली होती. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

असंच पाटणच्या पुढे एकदा ओढ्याला पाणी आलं होतं. फरशी पुलावरून लाल पाणी वाहत होतं आणि ड्रायव्हरनं गाडी पुढे घालायला साफ नकार दिला. त्यांनी बरोबरच केलं. अंधार पडलेला, पाऊस थांबेना. अलीकडच्या वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन स्वतःहून आली. "आधी बायका-पोरं घरात घ्या," कंडक्टर म्हणाले, आणि तान्हं बाळ असलेल्या बाईला सगळ्यात जवळच्या घरात पोचवलं. मला ज्या घरी नेलं तिथल्या आजींनी चुलीपुढे बसवलं, अंगावर घोंगडं टाकलं, त्यांच्या मुलाचा कोरडा सदरा दिला. घरात भात थोडाच होता. त्यांनी तो वाटून सगळ्यांना वाढला आणि कण्या शिजत टाकल्या. कोणत्या गावचा, कोणाचा, हे त्यांनी मी जेवल्यावरच विचारलं.

त्या आजींना मी काही देऊ शकलो नाही, आणि ज्या काकांनी मला घास भरवले ते आपल्या देवळात पुन्हा आले नाहीत. तुझी आजी ज्यांना वाढते त्यांनी माझा डबा कधी पाहिलेलासुद्धा नाही. म्हणून ती तुला म्हणाली, "कोणी नाहीत." ते तिनं अगदी खरं सांगितलं. तरी त्यांना ताट जातं.

आता गावातली निम्मी घरं बंद असतात, पाळ्याही मोडल्या. म्हणून बहुतेक वेळा आजीच जाते. तिचे गुडघे दुखतात आणि देवळाच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात. तू आहेस तोवर ताट तू धर, तिला बॅटरी धरू दे. पाण्याचा तांब्या विसरू नकोस, आणि ताट ठेवून लगेच पळू नकोस. भाकरी आणखी हवी का विचार. ते नाही म्हणतीलच, तरी एक वाढ. आणि पहाटे जाग आली तर साडेपाचच्या आधी चहा नेऊन दे, साखर थोडी जास्त घालून. त्यांना पुढे घाट उतरायचा असतो.

तुझा,
बाबा