वाशीच्या खाडीवर

प्रश्न : पनवेलहून सीएसएमटीला नोकरीसाठी रोज हार्बर लोकलने जाते. ध्यानाला बसले की डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी सुरू होते. मग शांत कधी व्हायचं? – एक वाचक, पनवेल

उत्तर : ताई, नका बसू ध्यानाला. मी बावीस वर्षं नेरुळहून वडाळ्याला जात होते. वाशी सुटलं की गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर येते. तेवढा वेळ मी मोबाइल पर्समध्ये टाकायचे, नजर बाहेर. ओहोटी असली की चिखल चमकतो, हिवाळ्यात लांबवर रोहितपक्ष्यांची गुलाबी रेघ दिसते. दारातून खारट वारा येतो. श्वास मात्र सावकाश सोडायचा, घेतला त्याहून जास्त वेळ; त्याने हृदयाचे ठोके खरंच जरा मंदावतात. मानखुर्द आलं की पुन्हा धक्काबुक्की, चालायचंच.

आणि ती डब्याची भाजी! रात्री मेथी निवडताना टीव्ही बंद ठेवून बघा. एकेक पान खुडताना होणारा बारीक आवाज, बोटांना लागणारा हिरवा कडवट वास. आमच्याकडे त्या वेळी सासूबाईही समोर बसायच्या. जुडी संपेपर्यंत दोघी एक शब्द बोलायचो नाही, आणि दोघींनाही ते फार आवडायचं.